तुरा नसलेला तुरेवाला

1742 साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांची धास्ती घेऊन कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरावर आलेच नाहीत आणि खंदकही अर्धवट राहिला. बंगालची ही धामधूम चालू असतानाच, 1747 मध्ये, तिथल्या एका खाटीक पक्ष्याचे चित्र लंडनमध्ये पुस्तकात छापून आले. चित्रकार होते निसर्ग अभ्यासक जॉर्ज एडवर्ड्स. नमुना मात्र रेशमी कापडाची नक्षी काढणाऱ्या जोसेफ डँड्रिज यांच्याकडे बंगालहून आला होता.

एडवर्ड्स यांनी त्याला तुरेवाला म्हटले. प्लासीच्या लढाईनंतर वर्षभराने, 1758 मध्ये, वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने तेच धरून ‘लॅनियस क्रिस्टेटस’ हे नाव पक्के केले. या तपकिरी खाटकाच्या डोक्यावर तुरा नाहीच! पण वर्णन चुकले म्हणून शास्त्रीय नाव बदलत नाही. नियमच तसा आहे.

पत्ताही अर्धाच खरा. नमुना बंगालचा असला तरी पक्षी घरटे बांधतो सायबेरिया, मंगोलिया, ईशान्य चीनकडे. बंगालमध्ये तो हिवाळ्यापुरता येतो. पुढे एडवर्ड ब्लाइथ यांनी 1841 पासून वीसेक वर्षे कोलकात्यात एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळले. त्यांच्यासारख्यांमुळे बंगालचे पक्षी लंडनऐवजी बंगालमध्येच अभ्यासले जाऊ लागले. तो संग्रह नंतर चौरंगीवरच्या इंडियन म्युझियमकडे गेला.

खाटीक आकाराने जेमतेम बुलबुलाएवढा. शरीररचनेने तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला, पण वृत्ती ससाण्याची. चोच आकडेदार, टोकाशी दातासारखी खाच. पाय मात्र साध्या पाखराचे. ससाण्यासारखी भक्ष्य घट्ट दाबून धरणारी ताकद पंजात नाही. म्हणून खाटीक मंडळी मोठा नाकतोडा, पाल किंवा उंदराचे पिल्लू काट्यावर नाहीतर फांदीच्या बेचक्यात अडकवतात आणि सवडीने तोडून खातात. उरलेले तिथेच लटकते. ‘खाटीक’ म्हटल्यावर तक्रार करायला जागा नाही.

सप्टेंबरच्या सुमारास कोलकात्याच्या बागांत, भेड्यांच्या (मासे पाळायच्या तळ्यांच्या) बांधांवर त्याची कर्कश खरखर सुरू होते. ती हद्दीची भांडणे असतात. आधी पोचलेल्यांना मोक्याच्या जागा मिळतात, उशिरा आलेल्यांना उरलेल्यावर भागवावे लागते. काही पक्षी वर्षानुवर्षे त्याच जागी परततात. एप्रिल-मेपर्यंत ही पाहुणेमंडळी उत्तरेकडे निघून जातात.