.२२ लाँग रायफल (काडतूस)

५० मीटर रायफल या क्रीडाप्रकारात वापरले जाणारे छोटे काडतूस. नेमबाजांच्या बोलण्यात ‘पॉइंट टू टू’. एकूण लांबी सुमारे २५ मिमी, शिशाच्या गोळीचे वजन साधारण २.६ ग्रॅम. पितळी पुंगळी, दारू, ती पेटवणारे स्फोटक मिश्रण आणि गोळी असे त्याचे चार घटक.

या काडतुसाचे मूळ फ्रान्समध्ये आहे. १८४५ च्या सुमारास लुई निकोला फ्लोबेर याने बंदुकीच्या टोपीवरच बारीक गोळी बसवून काडतूस केले. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी ‘.२२ शॉर्ट’ आणले. पुढे ‘लाँग’ आले. त्याच लांबीच्या पुंगळीत ४० ग्रेनची जड गोळी बसवून अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये ‘लाँग रायफल’ तयार केले. ते आजही टिकून आहे.

हे ‘रिमफायर’ जातीचे काडतूस आहे. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ काठात असते. चाप ओढला की रायफलमधली पिन हा काठ चेपते आणि ठिणगी पडते. काठ चेपलेली पुंगळी पुन्हा भरणे व्यवहारात जमत नाही. सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर पेटणारे काडतूस वापरणाऱ्या रायफलचा नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरून हवी तशी बेतू शकतो; .२२ वाल्याला कारखान्यावरच विसंबावे लागते. त्याची खरी चिंता इथून सुरू होते.

स्पर्धेच्या काडतुसाचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास ठेवतात. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत त्या वेगाखाली येताना डळमळू शकते. वेगातला सारखेपणा तर त्याहून मोलाचा. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर त्या नुसत्या गुरुत्वाकर्षणाने सुमारे ७ मिमी वरखाली लागतील. आणि लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिमी रुंद असते. हात स्थिर, श्वास आवरलेला, नेम अचूक, तरीही गुण हुकू शकतो.

म्हणून ‘लॉट’, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेली काडतुसे, तपासतात. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटांत फरक असतो, शिवाय एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. इंग्लंडमधील इली, जर्मनीतील आरडब्ल्यूएस यांसारख्या उत्पादकांकडे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती पकडीत आवळून वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि ज्याच्या छिद्रांचा गट सर्वांत आवळ येईल तो खरेदी करतात. जुळलेला लॉट मोठ्या स्पर्धांसाठी राखून सराव दुसऱ्यावर करण्याची पद्धत आहे.

महाराष्ट्रात या प्रकाराशी कोल्हापूरचे नाव घट्ट जोडलेले आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेम धरण्याच्या प्रकारात) विश्वविजेती ठरली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्स प्रकारात, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम धरत, ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले.

आकाराने लहान असले तरी हे खेळणे नव्हे. मोकळ्या जागेत याची गोळी किलोमीटरभराहूनही लांब जाऊ शकते. त्यामुळे रेंजवर लक्ष्यामागे भक्कम आडोसा लागतो. भारतात हे काडतूस बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तरतुदी लागू होतात.