तैनाती फौज: म्हैसूरच्या कराराचा धडा

मी म्हैसूरहून बोलतोय. इथून जवळच श्रीरंगपट्टण. ४ मे १७९९ रोजी तिथला किल्ला पडला आणि टिपू सुलतान मारला गेला. आजचा विषय त्यानंतरचा आहे. युद्धात मोडलेल्या राज्याला बाहेरची फौज सावरायला येते, तेव्हा त्या मदतीची किंमत काय असते?

कंपनीने वोडेयर घराण्यातल्या जेमतेम पाच वर्षांच्या कृष्णराजांना गादीवर बसवले. ८ जुलैला करार झाला. तैनाती फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा आणि खर्च म्हैसूरचा: दरसाल सात लाख होन, म्हणजे सुमारे साडेचोवीस लाख रुपये.

पहिले संकट आले ते बेकार शिपायांचे. श्रीरंगपट्टणच्या कैदेतून सुटलेल्या धोंडजी वाघाने टिपूच्या मोडलेल्या फौजेतली माणसे जमवली. आर्थर वेलस्लीने त्याचा पाठलाग केला आणि १० सप्टेंबर १८०० रोजी तो लढाईत पडला. पण खरा इलाज केला दिवाण पूर्णय्यांनी. हैदर-टिपूंच्या कारभारात मुरलेला हा माणूस. जुन्या शिपायांपैकी अनेकांना त्यांनी नव्या राज्याच्या चाकरीत घेतले, शिलेदारांचे घोडदळ उभे ठेवले. २००३ मध्ये इराकची फौज एका हुकमाने बरखास्त झाली आणि त्यातले कित्येक बंडखोरांना मिळाले. ते पाहिले की पूर्णय्यांची समज कळते.

हे घोडदळ पुढे कुठे गेले? २३ सप्टेंबर १८०३ ला जालन्याजवळ आसईच्या लढाईत ते वेलस्लीबरोबर होते, शिंदे-भोसल्यांविरुद्ध. आपल्याला बोचेल अशी गोष्ट म्हणजे, वसईच्या तहामुळे पेशव्यांचे स्वारही त्याच बाजूला होते. तैनाती फौज घेतली की शत्रू कोण, हे आपण ठरवत नाही. १८०७ च्या पुरवणी कराराने तर चार हजार स्वार कायम बाळगणे म्हैसूरवर बंधनकारक झाले.

फौजी माणूस करारात आधी पाहतो तो हुकूम कोणाचा. इथे त्याहून घातक कलम वेगळेच होते. ठरलेली रक्कम थकेल अशी गव्हर्नर जनरलला शंका आली, तरी कंपनीला कारभार हाती घेता येत होता. शंका त्यांची, निवाडाही त्यांचाच. पूर्णय्यांच्या काळात ते कलम निजून राहिले. १८३०-३१ मध्ये नगर भागात रयत उठली, आणि बेंटिंकने त्याच कलमाचा आधार घेऊन राज्य ताब्यात घेतले. वोडेयरांकडे ते परत आले १८८१ मध्ये, पन्नास वर्षांनी. तोवर कृष्णराज निवर्तले होते.

दुबळ्या देशाला मदत घ्यावीच लागते, त्यात कमीपणा नाही. पण मदत संपली किंवा फसली हे कोण ठरवणार, ते सही करण्याआधी लिहून घ्यावे. सही झाल्यावर ते विचारण्याचा अधिकार उरत नाही.

पुढच्या भागात वसईचा तह. जय हिंद.