ठरलेली वाट

फलटणच्या बाजूला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला निघून सह्याद्री ओलांडला आणि महाडात उतरलं, की तोच आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. मधलं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या घराण्याचा सगळा इतिहास या दोन पावसांच्या मधे घडला. दसरा-दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि मृगाच्या आधी परत वर यायचं. किती पिढ्या हे चाललं, कुणी मोजलं नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९४ साली मेंढरं विकली तेव्हा आमच्यापुरतं ते थांबलं.

दख्खनी मेंढी हे कोरड्या मुलखाचं जनावर. रंगानं काळी, लोकर राठ. तिच्याच लोकरीची घोंगडी सनगर विणतात. तिला ऊन सोसतं, थंडी सोसते, सततची ओल सोसत नाही. अंग भिजून राहिलं, खुरं चिखलात कुजायला लागली, की कळप बसलाच म्हणायचा. म्हणून पावसाळ्यात ती देशावरच्या माळावर बरी. पण दिवाळीनंतर हे माळ उघडे पडतात, ओढे आटतात. नेमकी त्याच सुमारास कोकणात भाताची कापणी उरकते. खाचरं मोकळी होतात, झाडाला पाला असतो, दरीत पाणी असतं. आणि एवढ्या पावसानं कस धुऊन नेलेल्या जमिनीला खत हवं असतं.

ते खत म्हणजे आमची मेंढरं. शेतकरी म्हणायचा, "माझ्या रानात चार रात्री बसवा." मग संध्याकाळी त्याच्या खाचरात वाघर, म्हणजे दोरखंडाचं जाळं, उभी करायची आणि मेंढरं आत कोंडायची. रात्रभर लेंड्या-मूत त्या जमिनीत पडायचं. सकाळी वाघर शेजारच्या तुकड्यात सरकायची. बदल्यात भात मिळायचं, कुठं तांदूळ, कुठं रोख पैसे. कागद नाही, सही नाही. आजानं ज्या घरी मेंढरं बसवली त्या घरच्या नातवाच्या रानात आबा बसवायचे. बिरवाडीकडच्या एका घरची म्हातारी आम्ही आलो की आईला न विचारता सुपात तांदूळ घेऊन यायची. आईही तिच्यासाठी वरून ज्वारी आणि वर्षाआड एक घोंगडी नेत असे.

पाच-सहा कुटुंबं मिळून चालायची, त्याला आम्ही वाडा म्हणतो. शहरातल्या वाचकाला वाड्याच्या भिंती आठवतील, पण आमचा वाडा घोड्यावर बसायचा. प्रत्येक बिऱ्हाडाचं एक-दोन तट्टू. त्याच्या पाठीवर आधी वाकळा, दोन्ही अंगाला धान्याची पोती, वर पालाचं कापड, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कालपरवा जन्मलेली कोकरं, आणि या सगळ्याच्या शेंड्यावर चालता न येणारं पोर. माझं जग मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या उंचीवरून.

कामाची वाटणी पक्की होती. पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत, डोंगराच्या कडेकडेनं यायचे. बायका घोडी घेऊन थेट पुढच्या मुक्कामाला जायच्या. म्हणजे तळ कुठं टाकायचा, पाणी पुरेल का, वारा कुठून येतो, जवळचं गाव कसं आहे, हे सगळं बायका ठरवायच्या. धनगराच्या भटकंतीवर लिहिणारे बहुतेक काठी घेतलेल्या पुरुषाचंच चित्र काढतात. आमच्या वाड्याचा नकाशा मात्र माझ्या आईच्या आणि चुलत्यांच्या डोक्यात मिळून होता, त्यातला पाण्याचा भाग आईकडं.

आमची वाट लोणंद, शिरवळ, भोर, हिर्डोशी अशी जाऊन वरंधा घाटानं उतरायची. शिरवळला मोठा हमरस्ता ओलांडायचा, तो पहाटे. पुढं एकजण, मागं एकजण, मधे दोन-अडीचशे मेंढरं, आणि दोन्हीकडून येणारे ट्रक. भोरच्या पुढं डोंगर जवळ यायला लागले की मोठी माणसं बोलायची कमी व्हायची. घाट उतरायच्या आदल्या दिवशी वर माथ्यावर तळ. लंगडी, गाभण, आजारी जनावरं वेगळी काढायची. घोड्यांच्या दोऱ्या परत आवळायच्या. आबा बिरोबाच्या नावानं भंडारा उधळायचे. रात्री एखादा म्हातारा सुंबरान मांडायचा, पण त्या रात्री ओवी लांबत नसे. पहाटे दव असताना उतरायला लागायचं, कारण ऊन तापलं की कातळ पोळतो आणि मेंढरू हटून बसतं. गाडीरस्ता वळणं घेत उतरतो, आमची पायवाट वळणं तोडत उतरायची. घोड्याच्या शेपटीला धरून बायका मागं जोर लावायच्या, म्हणजे वजनानं ते पुढं कोलमडू नये.

आता या वाटेचं वय. शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत आणि घाट उतरून महाडला गेलं की गांधारपाल्याची लेणी आहेत. देशावरून कोकणच्या बंदरांकडे उतरणाऱ्या वाटांच्या दोन्ही टोकांना अशी लेणी सह्याद्रीत जागोजाग सापडतात. जुन्नरच्या नाणेघाटात तर सातवाहनांची नागनिका हिचा लेख आहे आणि तोंडाशी दगडी रांजण आहे. तो जकातीचा असं लोक सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरातून माणसं, बैल आणि माल चढत-उतरत होता. त्या व्यापाऱ्यांना वाट कुणी दाखवली? दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी हिंडून, १९६२ साली आलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात, मेंढपाळांच्या वाटा आणि जुनी देवस्थानं यांची सांगड घातली. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांबरोबर राहून त्यांच्या ओव्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांच्या कथा गोळा केल्या. त्या कथांतले देवही आमच्यासारखेच मेंढरांमागं चालतात, एका ठिकाणी तळ टाकतात आणि तिथंच त्यांचं ठाणं होतं.

चाकाचा रस्ता फार नंतरचा. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली सुरू झाला, रेल्वे १८६३ साली. चाकाला उतार बेताचा लागतो, म्हणून डोंगर फोडावा लागतो. खुराला ते लागत नाही. रस्ते झाल्यानं आमचं काही अडलं नाही. अडलं ते रस्त्याबाहेरच्या जमिनीवर. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले. कालपर्यंत जिथं चराई होती तिथं पास, दंड, मनाई आली. स्वातंत्र्यानंतरही १९२७ चा कायदा चालूच राहिला. आबांच्या कमरेच्या पिशवीत अशा दंडाच्या पावत्यांची एक घडी असायची. वाचता येत नसल्यानं त्यांनी एकही टाकली नव्हती. कोणती कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, म्हणायचे.

बाकीचं हळूहळू झालं. आमच्याकडं कालव्याचं पाणी आलं, माळाचा ऊस झाला. कोकणात युरियाच्या गोण्या पोचल्या तशी चार रात्रींची बोलावणी दोनवर आली, मग एकही येईना. पुढं निरा-देवघर धरणाचा जलाशय भरला आणि हिर्डोशीकडची नदीकाठची चराई पाण्याखाली गेली. पण आबांनी मेंढरं विकली ती यातल्या कशामुळं नाही, आमच्या शाळेमुळं. माझं नाव गावच्या शाळेत होतं आणि मी वर्षातले सात महिने हजेरीत नव्हतो. धाकटी बहीणही तशीच होईल असं दिसल्यावर आईनं विषय काढला. दोन दिवस आबा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारात गेले ते रिकाम्या हातानं परत आले. घोडी मात्र त्यांनी आणखी चार वर्षं ठेवली, काही काम नसताना.

जातीच्या दाखल्यावर ‘भटक्या जमाती (क)’ असं लिहून आलं तेव्हा मी ते आईला वाचून दाखवलं. साडेतीन टक्क्यांचं आरक्षण त्या शब्दावरच आहे, मला नोकरीही त्यातूनच मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. आई एवढंच म्हणाली, "भटकतंय ते कुत्रं. आपली वाट ठरल्याली हुती." शब्द कागदाचा असेल, पण तिचं म्हणणं इतिहासाचं आहे. महिना ठरलेला, मुक्काम ठरलेला, कोणत्या रानात कुणाच्या किती रात्री हेही ठरलेलं. त्याला भटकणं म्हटलं की त्या वाटेवर आमचा हक्क होता हे आपोआप पुसलं जातं. ज्याला पत्ता नाही त्याची जमीन गेली असं कोण म्हणेल?

आज त्याच घाटमाथ्यावर सुट्टीच्या दिवशी शहरातली कुटुंबं जीप घेऊन येतात. रस्ता सोडून आडवाटेनं गाडी घालतात, तंबू ठोकतात, शेकोटी करतात. मला ते आवडतं. पोरांना डोंगर अंगावर घ्यायला मिळतो, हे सुख मी भोगलंय. फक्त त्यांनी तळ टाकलेली सपाटी तशी सपाट का आहे, तिथला दगड कुणी वेचून बाजूला लावला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मी आईकडून मुक्कामांची नावं लिहून घेतली. जातानाचे एकवीस निघाले. पाणी कुठं, सावली कुठं, हे ती डोळे मिटून सांगते. घाटाखालच्या पहिल्या मुक्कामाला तिनं नाव सांगितलं नाही. नुसतं "आंब्याखाली" म्हणाली. माझ्या पाठची एक बहीण तिथं तापानं गेली, सात महिन्यांची होती. तिथंच पुरली, आणि दुसऱ्या दिवशी वाडा पुढं निघाला, कारण मेंढरांना चारा नव्हता. पुढं दरवर्षी जाताना-येताना आई तिथं एक दगड ठेवायची. रस्ता रुंद झाला तेव्हा आंबा गेला, दगडही गेले. यादीत मी त्या मुक्कामासमोर तिनं सांगितलं तेच लिहिलंय: आंब्याखाली, पाणी डाव्या हाताला, एक रात्र.