१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ : एका संख्येच्या परीक्षेचा इतिहास

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यास वरील २१ अंकी संख्या मिळते. फ्रेंच धर्मोपदेशक व गणिती मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत ती मूळ संख्या म्हणून गणली होती. या यादीस सिद्धतेची जोड नव्हती. तरीही दोन शतकांहून अधिक काळ हे विधान कोणासही खोडून काढता आले नाही.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ही संख्या संयुक्त असल्याचे दाखविले. त्यांच्या कसोटीस अवयव शोधण्याची आवश्यकता नसते. त्यामुळे संख्या विभाज्य आहे एवढे निश्चित झाले, परंतु तिचे विभाजक अज्ञातच राहिले. या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीहून १ ने अधिक असतो, हे ज्ञात होते. तथापि लहान अवयवासाठीदेखील ही पट १४४५५८० इतकी आहे. केवळ भागाकार करीत तेथवर पोहोचणे हाताने अशक्यप्राय होते.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव सादर केले. त्यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर गुणाकार केला, ही कथा मात्र एरिक टेंपल बेल यांच्या १९५१ मधील ग्रंथातून प्रसृत झाली. म्हणून इतिहासकाराने ती सावधपणेच स्वीकारावयास हवी. अवयवांच्या बाबतीत अशा साक्षीची गरज उरत नाही. मर्सेन यांचे विधान विश्वासावर टिकले होते. कोल यांचा निष्कर्ष कोणत्याही विद्यार्थ्यास कागदावर गुणाकार करून पडताळता येतो.