मोटारसायकलमधील ऑक्सिजन संवेदक

ऑक्सिजन संवेदक हा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती प्राणवायू शिल्लक आहे हे ओळखणारा विद्युत-रासायनिक घटक आहे. कारागिरांच्या बोलीत त्यास 'ओ टू सेन्सर' म्हणतात. 'लॅम्डा सेन्सर' हेही त्याचेच नाव. त्याने दिलेल्या संकेतावरून इलेक्ट्रॉनिक नियंत्रक (ईसीयू) पेट्रोलचे प्रमाण कमी-अधिक करतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ (बीएस ६) मानके लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपण प्रणालीने घेतली आणि हा संवेदक सर्वत्र दिसू लागला. मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवल्यास संवेदकाची जागा, सांध्यांची घट्टता आणि इंधनाची जुळणी हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहतात.

इतिहास

वाहनांसाठीचा लॅम्डा संवेदक जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केला. १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो मोटारींत तो प्रथम वापरात आला. याच कंपनीचा नाशिकच्या सातपूर येथील कारखाना 'मायको' या जुन्या नावाने जिल्ह्यात परिचित आहे; तो मात्र प्रामुख्याने डिझेल-अंतःक्षेपणाच्या भागांसाठी ओळखला जातो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय, स्थापना १९६६) ही संस्था नव्या वाहनांच्या उत्सर्जनाची व आवाजाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देते. हे प्रमाणपत्र इंजिन, संवेदक, उत्प्रेरक आणि सायलेन्सर यांच्या एकत्रित रचनेला लागू असते.

कार्यतत्त्व

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. प्रत्यक्ष हवेचे या आदर्श प्रमाणाशी असलेले गुणोत्तर म्हणजे लॅम्डा. लॅम्डा १ पेक्षा कमी असल्यास मिश्रण इंधनाने 'समृद्ध' आणि अधिक असल्यास 'विरळ' म्हटले जाते.

प्रचलित संवेदकात झिर्कोनियाची चिनी मातीसारखी टोपी असते. तिच्या एका बाजूस धूर व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते. दोन्हीकडील प्राणवायूत फरक असल्यास सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. समृद्ध मिश्रणात तो ०.८ ते ०.९ व्होल्ट असतो, तर विरळ मिश्रणात सुमारे ०.१ व्होल्ट. सुमारे ३०० अंश सेल्सियस तापमानाखाली झिर्कोनिया नीट काम करत नाही. म्हणून अनेक संवेदकांत तापक बसवलेला असतो.

हा संवेदक पेट्रोल मोजत नाही. तो केवळ उरलेला प्राणवायू मोजतो. तो प्राणवायू सिलिंडरमधून आला की सैल सांध्यातून आत शिरला, हे त्याला कळत नाही. बदललेल्या सायलेन्सरमुळे उद्भवणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या मर्यादेत आहे.

संवेदकाची जागा

संवेदक उत्प्रेरकाच्या आधी, इंजिनाला जोडलेल्या बेंड पाईपवर बसवला जातो. काही लहान इंजिनांत तो थेट सिलिंडर हेडवर, धूर बाहेर पडण्याच्या मार्गाशी असतो. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात एकच संवेदक असल्यास तो सर्व नळ्या एकत्र येतात त्यापुढे बसवतात. जागा निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

१. उष्णता : झडपेच्या फार जवळ संवेदक अतितापतो, फार दूर तो पुरेसा तापत नाही व उशिरा काम सुरू करतो.

२. कोन : संवेदकाचे टोक खाली झुकलेले असावे व त्याचा अक्ष आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर असावा. इंजिन सुरू होताना नळीत वाफेचे पाणी साचते. तापलेल्या टोपीवर ते पडल्यास टोपीस तडा जातो.

३. गळती : संवेदकाच्या आधी असलेल्या प्रत्येक सांध्याचे गॅस्केट शाबूत असावे. धुराच्या दाबाच्या लाटांमध्ये क्षणभर दाब कमी होतो, तेव्हा छोट्या फटीतूनही बाहेरची हवा आत ओढली जाते.

४. नळीची लांबी : अतिशय आखूड सायलेन्सरमध्ये कमी फेऱ्यांवर मागच्या तोंडातून हवा उलट शिरून संवेदकापर्यंत पोहोचू शकते.

५. रसायने : सिलिकॉनयुक्त चिकटद्रव्यांची वाफ संवेदकास निकामी करते. पुष्कळ संवेदकांना तुलनेसाठी लागणारी हवा तारेच्या आवरणातून मिळते, म्हणून जोडणीत ग्रीस भरणेही अपायकारक ठरते.

लहान मोटारसायकलींच्या संवेदकाचे आटे बहुधा १२ मिलिमीटरचे, तर मोटारींच्या व विस्तृत-पट्ट्याच्या संवेदकाचे १८ मिलिमीटरचे असतात. त्यामुळे जुळणीसाठी विस्तृत-पट्ट्याचा संवेदक लावायचा असल्यास आटे पाडलेली स्वतंत्र पोलादी कडी नळीवर वेल्ड करावी लागते.

सायलेन्सर बदलल्यावर होणारे परिणाम

संथ व स्थिर गतीत नियंत्रक संवेदकाचे ऐकून मिश्रण लॅम्डा १ च्या आसपास ठेवतो. यास बंद चक्र म्हणतात. थंड इंजिन सुरू करताना किंवा मूठ पूर्ण पिळल्यावर तो संवेदकाकडे दुर्लक्ष करून स्मृतीतील तक्त्यानुसार इंधन देतो. हे खुले चक्र होय.

मोकळ्या सायलेन्सरमुळे उच्च फेऱ्यांवर इंजिन अधिक हवा घेऊ लागल्यास तक्त्यातील इंधन अपुरे पडते. मिश्रण विरळ होते, तापमान वाढते, ठोके पडतात आणि पिस्टनला धोका निर्माण होतो. हे नेमके खुल्या चक्रात घडत असल्याने संवेदक चांगला असूनही इंजिनाचे रक्षण करू शकत नाही. सावकाश चालवताना गाडी सुरळीत वाटली, एवढ्यावरून जुळणी योग्य आहे असे ठरत नाही.

याउलट गळतीमुळे आत आलेल्या हवेला नियंत्रक विरळ मिश्रण समजतो व इंधन वाढवतो. स्पार्क प्लग काळा पडतो, मायलेज घटते आणि न जळालेले पेट्रोल उत्प्रेरकात जळून त्यास अतितापवते. मूठ सोडताच येणारे फटाक्यासारखे आवाज अनेकदा याच गळतीची खूण असतात.

इंधनाची जुळणी

जुळणीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम गळती बंद करणे, नंतर विस्तृत-पट्ट्याच्या संवेदकाने निरनिराळ्या भारांवर लॅम्डा मोजणे आणि शेवटी तक्ता सुधारणे, हा सुरक्षित मार्ग मानला जातो. पूर्ण शक्तीसाठी पेट्रोल इंजिनात लॅम्डा साधारण ०.८५ ते ०.९० ठेवतात. मूळचा अरुंद-पट्ट्याचा संवेदक या टप्प्यातील आकडा सांगू शकत नाही. संवेदकाऐवजी रोधक बसवून केवळ इशाऱ्याचा दिवा विझवणे ही जुळणी नव्हे; त्यामुळे बंद चक्रच संपुष्टात येते.

उंची, घाट आणि इथेनॉल

नाशिक जिल्ह्यातील वणी परिसर संवेदकाचे काम समजण्यास सोयीचा आहे. दिंडोरी तालुक्यातील पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडावर जाणारा घाटरस्ता सुमारे १,२०० मीटरपर्यंत चढतो. चैत्रोत्सव व नवरात्रात तेथे भाविकांची मोठी गर्दी होते. या चढणीत हवेची घनता पाच ते सहा टक्क्यांनी घटते. कार्ब्युरेटरची गाडी त्यामुळे समृद्ध मिश्रणावर धावते. इंधन-अंतःक्षेपणाची गाडी दाबमापक व ऑक्सिजन संवेदक यांच्या आधारे स्वतः सावरते. मात्र घाटात जड भाराने चढताना गाडी वरचेवर खुल्या चक्रात जाते, आणि सदोष जुळणीची गाडी तेथेच तापते.

इथेनॉलचाही असाच परिणाम होतो. शुद्ध इथेनॉलला ९ पट हवा पुरते; २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला (ई २०) सुमारे १३.५ पट. संवेदक बंद चक्रात हा फरक भरून काढतो. पण जुन्या पेट्रोलवर बेताचाच बनवलेला तक्ता ई २० वर अधिक विरळ ठरतो.

कायदेशीर बाजू

बीएस ६ नुसार दुचाकीने प्रतिकिलोमीटर १ ग्रॅमपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड व ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रोजन ऑक्साइडे सोडू नयेत. नव्या दुचाकींच्या निर्मितीवेळची आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व वायुप्रदूषणाच्या मर्यादांचा भंग कलम १९०(२) खाली येतो. पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा असून चालक परवाना तीन महिने अपात्र ठरतो. पुणे, नागपूर आदी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडून नष्ट केले आहेत.