विप्रो

विप्रो लिमिटेड ही माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील भारतीय कंपनी असून तिचे मुख्यालय बंगळूर येथे आहे. या कंपनीचा आरंभ मात्र वनस्पती तुपाच्या एका लहान कारखान्यातून झाला.

स्थापना
मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. आजच्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे तिचा कारखाना होता. ‘विप्रो’ हा याच नावाचा संक्षेप होय. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांचे पुत्र अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतली. सुरुवातीचे समभाग जपून ठेवणाऱ्या अनेक अमळनेरकरांना पुढे त्यांचे मोठे मोल मिळाले.

उद्योगबदल
परकीय भागभांडवलावरील निर्बंधांमुळे आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली. त्यामुळे निर्माण झालेली पोकळी हेरून विप्रोने संगणकनिर्मितीत व नंतर सॉफ्टवेअर सेवांमध्ये प्रवेश केला. साबणाचा व्यवसायही चालू राहिला.

अधिग्रहण व विक्री
कंपनीने २००२ मध्ये स्पेक्ट्रामाइंड, २००७ मध्ये अमेरिकेतील इन्फोक्रॉसिंग आणि २०२१ मध्ये सुमारे १४५ कोटी डॉलरला कॅपको ही वित्तीय सल्लागार कंपनी विकत घेतली. इन्फोक्रॉसिंगमधून उभा राहिलेला डेटा सेंटर व्यवसाय २०१८ मध्ये एन्सोनो या कंपनीला विकण्यात आला.

विभाजन
२०१३ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तू, दिवे व अभियांत्रिकी हे व्यवसाय ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या स्वतंत्र कंपनीकडे गेले. परिणामी खाद्यतेलावरून पडलेले नाव धारण करणारी मूळ कंपनी केवळ माहिती तंत्रज्ञानाची उरली.