गुलामगिरी संपल्यानंतर

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि सुमारे ४० लक्ष गुलाम मुक्त झाले. दुभंगलेले राष्ट्र सांधण्याचे काम मात्र युद्धाइतकेच बिकट ठरले. राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली, १८६८ मध्ये मुक्तांस नागरिकत्व मिळाले आणि १८७० मध्ये मतदानातील वर्णभेदास बंदी झाली. परंतु जमीन मिळाली नाही. युद्धाच्या अखेरीस त्यांस वाटून दिलेली शेते अध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांस परत केली. मग कृष्णवर्णी शेतकरी वाट्याने जमीन कसू लागला. बियाणे व धान्य तो उधार घेई; हंगामाअखेर कापूस दुकानदाराकडे जाई आणि कर्ज शिल्लक राही.

त्या युद्धाचे पडसाद पुणे जिल्ह्यातही उमटले. अमेरिकेचा कापूस थांबल्यामुळे मुंबईस भाव चढले आणि सावकारांनी खेड्यापाड्यांत सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात फेरआकारणी होऊन सारा वाढला. बारामती-इंदापूरच्या मुलखात, कन्हेरीसारख्या गावांच्या आसपास, नीरेचा डावा कालवा तेव्हा झालेला नव्हता. पाऊस चुकला की जुन्या रोख्याच्या जागी अधिक रकमेचा नवा रोखा लिहून द्यावा लागे.

१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील (आता बारामती तालुक्यातील) सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. मारहाणीपेक्षा त्यांचे लक्ष दप्तरांवर होते. हाती आलेले दस्तऐवज त्यांनी जाळले. हा कुणबी गुलाम नव्हता. जमीन त्याच्या नावावर होती. आणि तीच न्यायालयाच्या हुकूमनाम्याने हातची जात होती.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ च्या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद झाले आणि रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याची न्यायालयास मुभा मिळाली. सावकारी त्यामुळे संपली नाही. तथापि कागदावर लिहिलेले सर्वच खरे मानण्याचे बंधन सुटले. अमेरिकेत १८७७ मध्ये दक्षिणेतील सरकारांचा लष्करी आधार काढून घेण्यात आला, पुनर्रचना थांबली आणि पुढील दशकांत मताचा हक्कही बहुतेकांकडून हिरावला गेला. बेडी तोडण्यास कायद्याचे एक कलम पुरले. मुक्त झालेल्या माणसास उभे करण्यासाठी जमीन, न्याय्य हिशेब आणि कायदा राबविणारे सरकार या तिन्हींची आवश्यकता होती.